एकाच बोटीतल्या बायका

तर झालं असं, की गेल्या शनिवारी मी आणि बायको व्हिडिओ कॉलवर बसून माझा व्हिसाचा फॉर्म भरत होतो. ती न्यू जर्सीत, तिच्याकडे जेमतेम उजाडलेलं. मी पुण्यात, माझ्याकडे दुपारच्या चहाची वेळ. लग्न डिसेंबरात झालं, जानेवारीत ती परत गेली आणि तेव्हापासून आमचा संसार साडेनऊ-साडेदहा तासांच्या अंतरावर चालू आहे. तिचा एच-१बी, माझा एच-४. म्हणजे अमेरिकन सरकारच्या भाषेत ती 'प्रिन्सिपल' आणि मी 'डिपेंडंट'.

सात वर्षं हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून जाऊन-येऊन नोकरी केल्यावर स्वतःला 'अवलंबून असलेला' म्हणून लिहिताना जरा थबकायला होतं. मामाने तर साखरपुड्यातच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "घरजावई ऐकला होता रे, हा व्हिसाजावई पहिल्यांदाच बघतोय." सगळे हसले, मीही हसलो. आई मात्र हसली नाही. रात्री भांडी आवरताना हळूच म्हणाली, "तिकडे तुला खरंच काही काम करता येणार नाही का?"

येणार नाही. निदान सुरुवातीची काही वर्षं तरी नाही.

माझी एक सवय आहे. एखादा जुना कोड विचित्र का लिहिलाय हे कळत नसेल, तर मी त्याची सगळ्यात जुनी आवृत्ती उघडून बघतो. नव्वद टक्के वेळा तिथे कुणाची तरी भीती, घाई किंवा कुणाशी तरी झालेला करार सापडतो. मग म्हटलं, ही नवरा-बायकोला बोलावून घ्यायची भानगड कुठून सुरू झाली ते बघू. गेले तीन वीकेंड त्यातच गेले. जे सापडलं ते तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी हा फॉर्म भरलाय आणि उरलेले कधीतरी भरणार आहेत.

सुरुवात मॅरेज सर्टिफिकेटपासून. क्षेत्रीय कार्यालयात आम्ही तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो आणि भटजींची सही असं सगळं लटांबर घेऊन गेलो होतो, तेव्हा सासरे वैतागून म्हणाले होते, "चारशे माणसं जेवून गेली, आणखी काय पुरावा हवाय?" प्रश्न रास्त आहे. पण नेमक्या ह्याच प्रश्नावर एकदा आपली माणसं तुरुंगात गेली आहेत.

दक्षिण आफ्रिकेतल्या हसन इसप नावाच्या भारतीयाला आपली बायको बाई मरियम हिला तिकडे आणायचं होतं. तिला उतरू दिलं नाही. प्रकरण केपच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला : ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करायची मुभा आहे, त्या धर्माप्रमाणे लावलेलं लग्न इथल्या कायद्याला मान्य नाही. म्हणजे एकालाच बायको असली तरी नाही. मुभा आहे ना, मग झालं! एका फटक्यात तिथल्या बहुतेक हिंदू-मुसलमान बायका कायद्याच्या नजरेत बायका उरल्या नाहीत. तोवर सत्याग्रहात बायका नव्हत्या. ह्या निकालानंतर आल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची तुकडी निघाली, तिच्यात कस्तुरबा होत्या. त्यांना तीन महिने सक्तमजुरी झाली. इकडे गोपाळ कृष्ण गोखले, जे आदल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आले होते, तब्येत ढासळलेली असताना ह्या लढ्यासाठी पैसे गोळा करत होते. अखेर १९१४ च्या कायद्यात एका नवऱ्याला एक बायको मान्य झाली.

१९१८ साली लंडनच्या साम्राज्य परिषदेत वसाहतींनी तोच साचा उचलला : तिथे कायमच्या राहणाऱ्या भारतीयाला बायको-मुलं आणता येतील, पण बायको एकच, आणि ती खरोखर त्याचीच बायको आहे असा भारत सरकारचा दाखला हवा. त्यानुसार १९१९ मध्ये कॅनडाने तिथल्या भारतीयांच्या बायका-मुलांना दार उघडलं. भटजींची सही कशाला लागते, याचं उत्तर सासऱ्यांना आता मी देऊ शकतो. (दिलं नाहीये. घरात शांतता आहे, ती राहू दे.)

पण हे झालं लग्न खरं की खोटं, एवढ्यापुरतं. मला खरा अडकवला तो पुढच्या गोष्टीने. तीसुद्धा अमेरिकेतलीच.

११ जुलै १९२४. 'प्रेसिडेंट लिंकन' नावाची आगबोट सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदराला लागली. तिच्यावर चिनी बायका होत्या आणि सगळ्या नवऱ्यांकडे निघाल्या होत्या. काहींचे नवरे चिनी व्यापारी. चीनचे प्रजानन, धंद्यासाठी अमेरिकेत राहणारे. आणि काहींचे नवरे अमेरिकेचे नागरिक, तिथेच जन्मलेले. अमेरिकेच्या भूमीवर जन्मला तो नागरिक, मग आईबाप चिनी का असेनात, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्येच वाँग किम आर्कच्या खटल्यात मान्य केलं होतं.

आता तुम्हीच सांगा, यातल्या कुणाला आत घ्यायला हवं? परक्या व्यापाऱ्याच्या बायकोला की स्वतःच्या नागरिकाच्या बायकोला?

अवघे दहा दिवस आधी, १ जुलै १९२४ पासून, नवा इमिग्रेशन कायदा अमलात आला होता. अधिकाऱ्यांनी दोन्ही गटांना अडवलं, दोन्ही गट कोर्टात गेले. निकाल लागायला पुढच्या वर्षीचा मे उजाडला. २५ मे १९२५, दोन्ही निकाल एकाच दिवशी, लिहिणारे न्यायमूर्तीही एकच, मॅक्‌रेनॉल्ड्स. व्यापाऱ्यांच्या बायका : आत या. नागरिकांच्या बायका : परत जा.

मी हे दोनदा वाचलं. मला वाटलं उलटं वाचलं.

मग त्या कायद्याची कलमं काढून बसलो, आणि खरं सांगतो, एखाद्या खवट इफ-एल्सचा माग काढावा तसं वाटलं. तेव्हा अमेरिकेचं नागरिकत्व बाहेरून आलेल्यांना मिळायचं ते फक्त गोऱ्या आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना. चिनी त्यात बसत नव्हते. १९२२ मध्ये जपानी आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंदच्या खटल्यात आपण भारतीयही बसत नाही असं ठरलं. १९२४ च्या कायद्याने सांगितलं, की ज्यांना नागरिक होता येत नाही असे लोक इमिग्रंट म्हणून, म्हणजे कायमचे राहायला, येऊच शकत नाहीत. ह्या नियमाला काही अपवाद दिले होते. धर्मगुरू, प्राध्यापक आणि त्यांच्या बायका, विद्यार्थी, पूर्वी इथेच राहून परत येणारे. नागरिकाची बायको? तिच्यासाठी त्याच कायद्यात दुसरीकडे कोट्याबाहेरची खास सोय होती. पण अपवादांच्या यादीत नेमकं तेच पोटकलम नव्हतं! म्हणजे गोऱ्या नागरिकाने इटलीहून बायको आणावी, चिनी वंशाच्या नागरिकाने चीनहून आणू नये.

आणि व्यापारी? त्यांचं तर फारच मजेशीर. अमेरिका आणि चीन यांच्यात १८८० चा करार होता, त्यात व्यापाऱ्यांना येण्याची मोकळीक होती. म्हणून १९२४ च्या कायद्याने कराराखाली धंद्यासाठी येणाऱ्याला इमिग्रंट धरलंच नाही. तो इमिग्रंटच नाही, तर इमिग्रंटवरची बंदी त्याला कशी लागू होणार? आणि व्यापाऱ्याची बायको नवऱ्याच्या दर्जाने येते, हे १९०० सालच्या एका निकालात आधीच ठरलेलं होतं. सबब, आत या.

नागरिकांच्या बाजूने अर्थातच सांगितलं गेलं, की हे संसार मोडायचे काम आहे. त्यावर न्यायमूर्तींचं म्हणणं थोडक्यात असं, की कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत, लोकांना त्रास होतो म्हणून ते वाकवता येणार नाहीत.

जो इथला आहे, इथेच राहणार आहे, त्याच्या बायकोला बंदी. जो पाहुणा आहे, उद्या धंदा आटोपला की जाईल असं मानलंय, त्याच्या बायकोला परवानगी. कारण नागरिकाची बायको आली की मुलं होणार, ती इथली होणार, वस्ती वाढणार. सरकारला बायकोची भीती नव्हतीच, वस्तीची होती.

व्यापाऱ्याचं तरी सोपं होतं असं समजू नका. तो व्यापारी आहे, मजूर नाही, हे सिद्ध करायला दोन साक्षीदार लागायचे आणि ते चिनी चालायचे नाहीत. कारण मजुरांना १८८२ पासून बंदी होती, आणि मजुराची बायको म्हणजे मजूरच. मग खाडीतल्या एंजल आयलंड नावाच्या बेटावर चौकशी. हे ठाणं १९१० ते १९४० चाललं. नवऱ्याला वेगळं, बायकोला वेगळं बसवून विचारायचे : गावात घरं किती ओळींत आहेत, विहीर कुठल्या बाजूला, दाराचं तोंड कुठे, पायऱ्या किती, तिसऱ्या घरात कोण राहतं. उत्तरं जुळली नाहीत तर परतीची बोट. ह्या जबान्यांच्या फायली अमेरिकेच्या सरकारी दप्तरखान्यात अजून आहेत.

नागरिकांच्या बायकांसाठी १३ जून १९३० ला कायद्यात दुरुस्ती झाली. पण तीही कशी? ज्यांचं लग्न २६ मे १९२४ च्या आधी लागलंय त्यांनाच. थोडक्यात, जुन्या बग-रिपोर्टवाल्यांना पॅच दिला आणि नव्यांना सांगितलं, हे असंच आहे! चिनी बायकांना खरा मोकळा रस्ता मिळाला तो महायुद्धानंतर, ऑगस्ट १९४६ च्या कायद्याने.

त्याच काळात कॅलिफोर्नियात शेतावर राबणारे पंजाबी होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेले, बहुतेक एकटे. १९१७ च्या कायद्याने भारतातून येणं बंद झालं आणि बायका गावीच राहिल्या. काहींनी इंपीरियल व्हॅलीत मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, त्यांची होसे सिंग, मारिया सिंग अशा धाटणीच्या नावांची मुलं झाली. त्याबद्दल हल्ली कौतुकाने लिहिलं जातं. पण पंजाबात मागे राहिलेल्या बायकांबद्दल कोण लिहिणार? त्यांची ना फाइल, ना जबानी. बोटीपर्यंत पोचल्याच नाहीत त्या. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिक होता येऊ लागलं, आणि भारताचा वर्षाचा कोटा ठरला शंभर. हो, शंभर माणसं. आमच्या कॉलेजातून एका बॅचला ह्याहून जास्त जातात.

बायको नवऱ्याच्या दर्जाने येते, हा नियम व्यापाऱ्यांच्या बायकांना तारून गेला खरा. पण ह्याच दोरीने दुसरीकडे फासही बसला. १९०७ च्या कायद्याप्रमाणे अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्व गेलं! कॅलिफोर्नियाच्या एथेल मॅकेन्झीने एका ब्रिटिश गायकाशी लग्न केलं होतं. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली तर तू अमेरिकन नाहीस म्हणून परत पाठवलं. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि १९१५ मध्ये हरली. १९२२ च्या केबल कायद्याने ह्यात सुधारणा केली, पण नवरा नागरिक होण्यास अपात्र वंशाचा असेल तर नाही. म्हणजे थिंद निकालानंतर भारतीयाशी लग्न करणारी अमेरिकन बाई पुन्हा फासात. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांचं नागरिकत्व असंच गेलं. ही अट निघाली १९३१ मध्ये.

तुम्ही म्हणाल, सगळीकडे बायकोच, नवऱ्याचं काय? मी तेच शोधत होतो, माझा स्वार्थ आहे त्यात :-) १९२४ च्या कायद्यात नागरिकाच्या बायकोला कोट्याबाहेर जागा होती, नागरिक बाईच्या नवऱ्याला नव्हती. नवरा बायकोच्या मागे जाईल हे बहुधा कुणाच्या डोक्यातच नसावं. मध्ये थोडी सवलत मिळाली, तीही लग्नाची तारीख बघून. १९५२ च्या कायद्यात अखेर 'स्पाउस' हा शब्द आला आणि दोघं सारखे झाले. मला ज्या एच-४ वर जायचंय, तो निघाला ७ एप्रिल १९७० च्या दुरुस्तीतून. तात्पुरत्या कामगाराच्या जोडीदाराला आणि मुलांना सोबत किंवा मागाहून येता येईल, असं ते वाक्य आहे. त्यात जोडीदार लिंगनिरपेक्ष आहे, पण तो ज्याच्या मागे जातो, तो कामगार मात्र आजही 'ही' नाही, 'हिम'. अमेरिकन कायद्याच्या व्याकरणात मी एका पुरुषाच्या मागे चाललोय. बायकोला हे सांगितलं तर ती दहा मिनिटं हसत होती.

आता पुन्हा त्या बोटीकडे या. २००० च्या दशकात अमेरिकेत गेलेल्या कुठल्याही सीनियरला विचारा, तो सांगेल : ग्रीन कार्ड हातात पडायच्या आत लग्न उरकून घे. मला वाटायचं ही आया-मावश्यांची घाई आहे. नव्हती. लग्न आधी झालं असेल तर बायको त्याच अर्जाच्या शेपटाला धरून येऊ शकायची. नंतर झालं तर वेगळा अर्ज, आणि त्या रांगेला त्या दशकात बराच काळ चार-चार, पाच-पाच वर्षं लागायची. इतकी, की डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेला आधीच अर्ज करून तीन वर्षं ताटकळलेल्यांसाठी 'व्ही' नावाचा वेगळा व्हिसा काढावा लागला. त्याच वेळी कालपरवा एच-१बीवर गेलेला पोरगा मात्र काही महिन्यांत बायकोला एच-४ वर घेऊन जायचा. कायम राहायचा हक्क मिळालेला विमानतळावर एकटा, आणि तात्पुरता आलेला जोडीने!

कारण? १९६५ च्या कायद्याने वंशाचे कोटे काढले, ते चांगलंच झालं. नागरिकाच्या जोडीदाराला अमर्याद जागा ठेवली. पण ग्रीन कार्डवाल्याची बायको ही इमिग्रंट, म्हणून ती मोजणीत. एच-४ वाली इमिग्रंटच नाही, म्हणून मोजणीबाहेर. १९२५ च्या निकालातलं व्यापाऱ्याचं तर्कशास्त्र जसंच्या तसं. दुष्टावा गेला असेल, सांगाडा तोच आहे.

पाहुण्याच्या जोडीदाराने पाहुण्यासारखं राहायचं, ही त्याची दुसरी बाजू. एल-१ वाल्यांच्या जोडीदारांना २००२ च्या कायद्याने कामाची परवानगी मिळाली. एच-४ वाल्यांना मिळायला २६ मे २०१५ उजाडलं, आणि तीही अटीवर : प्रिन्सिपलच्या ग्रीन कार्डाची एक पायरी, आय-१४०, मंजूर हवी किंवा सहा वर्षांपुढची मुदतवाढ हवी. त्या नियमावर कोर्टात खटला भरला गेला, ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने नियम उचलून धरला. म्हणजे जिचा नवरा पुरेसा मुरलाय तिला काम, जिचा नवा आहे तिने घर सांभाळायचं. पंचवीस-तीस वर्षांत किती इंजिनिअर, डॉक्टर, सीए बायकांनी न्यू जर्सी आणि टेक्सासच्या अपार्टमेंटांत बसून ब्लॉग लिहिले, पोळ्यांचे फोटो टाकले आणि 'मी मजेत आहे' असं सांगितलं! आम्ही ते वाचून छान छान म्हणायचो. माझी चुलतबहीण त्यातलीच. पाच वर्षं. तिला मी एकदा विचारलं होतं, "दिवसभर काय करतेस गं?" आता ते आठवलं की लाज वाटते.

आमचं आय-१४० अजून सुरूही झालेलं नाही. तिची नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर दोघांनी निघायचं. हे सगळं आईला सांगितलं. बोट, व्यापारी, कस्तुरबा, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या मामाला ह्यातलं काही माहीत नाही." मग थोड्या वेळाने, "तुझ्या बाबांच्या बदल्या झाल्या तेव्हा मी दोनदा शाळेची नोकरी सोडली. तेव्हा कुणी फॉर्म भरून घेतला नव्हता."

ह्यावर मला बोलता आलं नाही. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं.

इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात मुंबईला आहे, बीकेसीत. लग्नाचे फोटो निवडून ठेवलेत. शनिवारी फॉर्म संपल्यावर बायकोला एंजल आयलंडच्या प्रश्नांबद्दल सांगितलं तर ती लगेच अधिकारी झाली.

"सांग, आमच्या सांगलीच्या घराला पायऱ्या किती?"

"अकरा."

"चूक. तेरा. परत जा."

रविवारी तिच्या वडिलांना फोन करून मोजायला लावल्या. बारा आहेत.